ऑर्गन कुणाचा? अकबराच्या दरबारापासून कळमनुरीच्या संगणकापर्यंत

रात्रीचे दहा वाजून गेले की कळमनुरीतली वर्दळ ओसरते. हिंगोली-नांदेड रस्त्यावरून जाणारा एखादा ट्रक सोडला तर फारसा आवाज नसतो. त्या वेळी मी संगणक सुरू करतो, टेबलावर एकावर एक रचलेले दोन कीबोर्ड त्याला जोडतो आणि हेडफोन लावतो. त्यातला एक कीबोर्ड नवा घेतलेला, दुसरा एका बँडवाल्याने विकायला काढलेला. पडद्यावर लाकडी खुंट्यांच्या रांगा दिसतात. माउसने एक खुंटी ओढली की लगेच सूर येत नाही, आधी हवेची सळसळ ऐकू येते. मग पट्टी दाबली की अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने शिसं आणि कथिल ओतून घडवलेली एक नळी बोलू लागते. पट्टी सोडली तरी सूर चटकन थांबत नाही. उंच दगडी छताखाली फिरून तो दोन-तीन सेकंदांनी विरतो. माझ्या खोलीचं छत पत्र्याचं आहे.

हा ऑर्गन युरोपातल्या एका लहान गावच्या चर्चमधला. मी ते गाव पाहिलेलं नाही, बहुधा पाहणारही नाही.

शेजारचा एक मुलगा कव्वालीच्या पार्टीत पेटी वाजवतो. त्याच्या कानाला हेडफोन लावले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "चाचा, भाता कोण मारतंय?" पेटीवाल्यालाच सुचावा असा हा प्रश्न. घरातले एक वडीलधारे मामू मात्र नाराज झाले. "ये गिरजे का बाजा घर में कायकू?" असं म्हणाले. आणि हिंगोलीचे एक नाट्यसंगीतवेडे स्नेही म्हणाले, "ऑर्गन आपला आहे, पण तो बालगंधर्वांच्या नाटकातला. हा तुमचा साहेबांचा." मामूंना हे वाद्य ख्रिश्चन वाटलं, स्नेह्यांना विलायती वाटलं. दोघांचं म्हणणं एकच: हे आपलं नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. मामूंच्या आणि स्नेह्यांच्या प्रश्नाला मात्र इतिहासात बरंच मागे जावं लागतं.

भाता कोण मारतंय?

चर्चचा मोठा ऑर्गन म्हणजे नळ्यांचा वाडाच. आपल्या पेटीत पितळेची बारीक पट्टी, म्हणजे रीड, हवेने थरथरते. चर्चच्या ऑर्गनमध्ये बासरीसारखी किंवा सनईसारखी एकेक स्वतंत्र नळी असते. एक नळी, एक सूर. एकाच जातीच्या नळ्यांची एक रांग, आणि त्या रांगेला हवा सोडणारी एक खुंटी, तिला स्टॉप म्हणतात. पन्नास स्टॉपचा ऑर्गन असेल तर नळ्या हजारोंनी भरतात. काही नळ्या पेन्सिलीएवढ्या, काही दोन मजली घराएवढ्या. वाजवणाऱ्याच्या हातांखाली दोन, तीन किंवा चार कीबोर्ड आणि पायांखाली आणखी एक. भाते इतके मोठे, की विजेचे पंखे येईपर्यंत त्यांवर माणसं उभी राहून पायांनी हवा भरत. वाजवणाऱ्याचं नाव चर्चच्या दप्तरात राहायचं, भात्यावरच्या माणसाचं क्वचितच.

हे सगळं संगणकात येतं कसं? ध्वनिमुद्रण करणारे लोक रात्री, रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर, चर्चमध्ये मायक्रोफोन मांडतात आणि एकेक पट्टी दाबून एकेक नळी वेगळी मुद्रित करतात. तेवढ्यावर भागत नाही. पट्टी झटक्यात सोडली तर छताखालचा घुमारा एक असतो, लांबवून सोडली तर दुसरा. म्हणून चांगल्या संचात एकाच नळीची शेपटं दोन-तीन प्रकारे मुद्रित केलेली असतात. पट्ट्यांची खडखड, खुंटीचा ठक्क आवाज, हवेची घरघर, हेही सोडत नाहीत. अशा हजारो फायलींचा संच तयार झाला की हाउप्टवेर्क किंवा ग्रँडऑर्ग यांसारखा प्रोग्राम तो चालवतो. हाउप्टवेर्क विकत घ्यावा लागतो, ग्रँडऑर्ग मोफत आहे. कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी मिडी नावाच्या भाषेत बोलतात. ही भाषा 1983 पासून जगभर एकच आहे, म्हणूनच बँडवाल्याचा जुना कीबोर्डही इथे चालतो. मोठ्या चर्चच्या संचांना संगणकाची मेमरी कित्येक जीबी लागते. माझ्या साध्या यंत्रावर लहान चर्चचा मोफत संचच नीट चालतो, आणि मला तो पुरतो.

लग्नातल्या कीबोर्डवरही 'चर्च ऑर्गन' नावाचं बटण असतं. त्यात सहसा मोजके आवाज ताणून सगळ्या पट्ट्यांवर बसवलेले असतात. इथे प्रत्येक पट्टीमागे खरी नळी आहे. एखादी किंचित घोगरी, एखादी उशिरा बोलणारी, एखादी शेजारणीपेक्षा जरा चढी. हे दोष काढून टाकले तर तो ऑर्गन ओळखू येणार नाही.

तर त्या मुलाला मी सांगितलं, "बेटा, भाता मारून झालाय. ज्या रात्री मुद्रण केलं त्या रात्रीची हवा आहे ही."

चर्चच्या आधी

आता मामूंचा प्रश्न. ऑर्गन हे चर्चचं वाद्य आहे, हे आजच्या पुरतं खरं आहे. पण त्याचा जन्म चर्चमध्ये झालेला नाही.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात क्टेसिबियस नावाचा एक कारागीर-शास्त्रज्ञ होता. पाण्याच्या दाबाने हवा सारखी ठेवून नळ्या वाजवायचं यंत्र त्याने बनवलं. आजच्या सगळ्या ऑर्गनांचा मूळपुरुष तो. पुढे रोमन लोकांनी हे वाद्य उचललं आणि खेळांच्या मैदानात, जिथे माणसं आणि जनावरं झुंजत, तिथे वाजवलं. बुडापेस्टजवळच्या अक्विंकम या रोमन वसाहतीत 1931 साली एका लहान ऑर्गनचे अवशेष सापडले. त्यावरच्या धातूच्या पाटीनुसार तो सन 228 मध्ये आग विझवणाऱ्यांच्या संघटनेला भेट मिळाला होता. म्हणजे देवळाचा नाही, चर्चचा नाही, अग्निशमनवाल्यांचा ऑर्गन.

पश्चिम युरोपात हे वाद्य पुढे विसरलं गेलं. सन 757 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला, आणि तिथल्या लोकांना त्याचं इतकं नवल वाटलं की बखरकारांनी ती नोंद जपून ठेवली. चर्चमध्ये ऑर्गन रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला.

याच सुमाराला बगदादमध्ये काय चाललं होतं? नवव्या शतकात मुहंमद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ, ज्यांना बनू मूसा म्हणतात, खलिफांच्या आश्रयाने यंत्रं बनवत होते. त्यांचा यंत्रांवरचा अरबी ग्रंथ सन 850 च्या सुमाराचा. पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या एका सुषिर वाद्याचंही त्यांनी तपशीलवार वर्णन लिहिलं आहे. फिरणाऱ्या नळकांड्यावर खुंट्या बसवायच्या आणि कोणता सूर कधी उघडायचा हे त्या खुंट्यांनी ठरवायचं. नळकांडं बदललं की धून बदलली. माणसाशिवाय यंत्राने ठरलेली धून वाजवायची, ही माझ्या टेबलावरच्या संगणकाचीच कल्पना आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वी ती अरबीत लिहिली गेली. हे मामूंना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त हेडफोन मागितले.

फत्तेपूर सिक्रीतला ऑर्गन

हिंदुस्थानच्या राजदरबारात ऑर्गन इंग्रजांच्या कितीतरी आधी पोचला, आणि तो आणवला एका मुसलमान बादशहाने. 1575 मध्ये अकबराने हाजी हबीबुल्ला याला गोव्याला धाडलं. पोर्तुगीजांकडच्या चांगल्या वस्तू आणायच्या, आणि सोबत नेलेल्या कारागिरांनी तिथली हुनर शिकून यायची, असा हुकूम होता. दोनेक वर्षांनी हाजी परतला तो नवलाईच्या वस्तू, फिरंगी पोशाख घातलेली माणसं आणि वाद्यं घेऊन. त्यात ऑर्गन होता.

या ऑर्गनचं वर्णन आपल्यापर्यंत पोचलं ते मुल्ला अब्दुल कादिर बदायुनीमुळे. बदायुनी कडवा माणूस. अकबराच्या धर्मविषयक प्रयोगांवर त्याने आपल्या इतिहासात जागोजागी कोरडे ओढले आहेत. फिरंग्यांविषयी त्याला प्रेम असण्याचं कारण नव्हतं. तरीही ऑर्गन पाहून तो थक्क झाला. माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी, बाहेर मोरपिसांसारख्या काही गोष्टी हलवणारे आणखी दोघे, आणि तऱ्हेतऱ्हेचे आवाज, असं तो लिहितो. आतला माणूस तारा छेडतो असं त्याला वाटलं. म्हणजे वाद्याची रचना त्याला नीट कळली नव्हती. मोरपिसं म्हणजे बहुधा भाते असावेत. पण न कळलेली गोष्टही त्याने लिहून ठेवली, तुच्छतेने टाकून दिली नाही. विरोधी माणसाच्या लेखणीतून आलेलं हे कौतुक मला दरबारी स्तुतीपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

ऑर्गन तेव्हा राजांनी राजांना द्यायची वस्तू होती. 1599 मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने इस्तंबूलच्या सुलतान तिसऱ्या मेहमदला आपोआप वाजणारा ऑर्गन पाठवला, आणि तो जुळवायला टॉमस डॅलम हा कारागीर सोबत गेला. वाजवताना सुलतानाकडे पाठ करावी लागणार, आणि पाठ केली तर मुंडकं राहील की नाही, या भीतीत त्याने तो वाजवला. सुलतान खूश झाला.

आणि टिपू सुलतानचा वाघ आपल्याला माहीत असतो, पण त्या लाकडी वाघाच्या पोटात 18 पट्ट्यांचा लहानसा नळ्यांचा ऑर्गन आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि खाली पडलेला गोरा शिपाई कण्हतो. बाजूचं झाकण उघडलं की पट्ट्या दिसतात. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे छत कोसळून त्याचे शेकडो तुकडे झाले होते. ते एकेक जोडून 1947 पर्यंत तो पुन्हा उभा केला गेला.

अलेक्झांड्रिया, रोम, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, गोवा, फत्तेपूर सिक्री, श्रीरंगपट्टण. या वाटेवर ऑर्गनला एकच धर्म चिकटवता येत नाही. चर्चने त्याला सगळ्यात जास्त वाढवलं आणि सांभाळलं, हे श्रेय मात्र चर्चचंच.

चढा गंधार

हे वाढवणं कळसाला पोचलं ते सतराव्या-अठराव्या शतकात, ज्या काळाला कलेच्या इतिहासात बरोक म्हणतात. उत्तर जर्मनी आणि हॉलंडमध्ये आर्प श्निटगर या कारागिराने आणि त्याच्या कारखान्याने केलेले ऑर्गन आजही वाजतात. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन शहराच्या मार्टिनी चर्चचा ऑर्गन घ्या. पंधराव्या शतकातल्या काही नळ्या त्यात अजून आहेत. श्निटगरने 1690 च्या दशकात तो वाढवला, 1740 मध्ये हिन्स या कारागिराने त्यात भर घातली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या फेरफारांत त्याचा मूळ आवाज बिघडला होता. युर्गेन आरेंट याने 1977 ते 1984 या काळात तो पुन्हा उभा केला. पाच शतकांच्या नळ्या शेजारीशेजारी उभ्या राहून गातात. या ऑर्गनचाही संगणकी संच निघाला आहे. माझ्या यंत्राला तो झेपणारा नाही, पण जगात कुणाच्या तरी घरी तो आत्ता वाजत असेल.

बरोक ऑर्गनने मला आपल्याच घरातली एक जुनी भांडणाची गोष्ट समजावून दिली. ती हार्मोनियमची.

आजची पेटी बारा सारख्या भागांत जुळवलेली असते. सप्तकाचे 1200 सेंट मानले तर प्रत्येक पट्टी 100 सेंटवर. सोयीचं आहे, कारण कुठलीही पट्टी षड्ज धरता येते. पण तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 सेंटच्या आसपास असतो आणि पेटीचा गंधार 400 वर. म्हणजे पेटी गंधार 14 सेंट चढा लावते. सामान्य कानाला चालून जातं, गवयाच्या कानाला खुपतं. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. ही बंदी 1971 पर्यंत चालली आणि नंतरही पूर्ण उठली नाही. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, वाद्य विलायती आहे आणि त्याचे सूर आपले नाहीत.

पण हे सूर विलायतेतसुद्धा कायमचे नव्हते. बरोक काळातले पुष्कळ ऑर्गन मीनटोन किंवा त्याच्या जवळच्या पद्धतीने जुळवलेले होते. निव्वळ मीनटोनमध्ये गंधार तंबोऱ्याइतका शुद्ध येतो. त्याची किंमत म्हणजे काही पट्ट्यांवरून वाजवलं की सूर इतके बेसूर होतात की युरोपात त्याला लांडग्याचं ओरडणं म्हणत. शुद्धता हवी तर सगळ्या पट्ट्या मिळत नाहीत, सगळ्या पट्ट्या हव्या तर शुद्धता सोडावी लागते. युरोपाने शेवटी सोय निवडली, आणि ती सोय पेटीबरोबर आपल्याकडे आली. ग्रँडऑर्गमध्ये मी एका यादीतून जुळवणीची पद्धत बदलतो आणि त्याच नळ्या दुसऱ्या गंधाराने गातात. पहिल्यांदा मीनटोनवर सा-ग-प एकत्र धरले तेव्हा मला रेडिओवरचा तो सगळा वाद एका सुरात ऐकू आला.

हा प्रयोग संगणकाच्या फार आधी आपल्या सांगलीत झाला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 चं. ई. क्लेमेंट्स हा इंग्रज सनदी अधिकारी त्यांच्या सोबतीला आला, आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी देवलांच्या प्रयोगांसाठी आपला गळा दिला. खाँसाहेब गात आणि देवल सूर मोजत. त्यातून श्रुती-हार्मोनियम नावाची पेटी तयार झाली. ती बनवण्याचं काम इंग्लंडमधल्या कारागिराने केलं. 1916 मध्ये बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत या पेटीवर मोठा वाद झाला, आणि ती पेटी रुळली नाही. श्रुती मोजून पेटीत बसवता येतात का, हा प्रश्न अजूनही वादाचाच आहे. पण एक चित्पावन अधिकारी, एक इंग्रज साहेब आणि एक मुसलमान गवई एका पेटीभोवती बसून शुद्ध गंधार शोधत होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे.

रंगभूमीवरचा ऑर्गन

आता हिंगोलीच्या स्नेह्यांचं म्हणणं. बालगंधर्वांचा ऑर्गन आपला, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. पण तोही समुद्र ओलांडूनच आला होता.

हार्मोनियमचा जन्म 1840 च्या दशकाच्या आरंभी पॅरिसचा, आलेक्सांद्र दबाँ याच्या हातचा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमाराला हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी प्रचारात आणली. मराठी रंगभूमीवर आधी पायपेटी आली, नंतर ऑर्गन. हा ऑर्गन नळ्यांचा नव्हे, रीडचाच, पण पेटीपेक्षा वेगळा. पेटीत हवा रीडमधून बाहेर ढकलली जाते, या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा सूर गोल, मऊ आणि भरदार येतो, गायकाच्या आवाजावर चढत नाही, खालून त्याला झेलतो. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला रंगभूमीवर मान मिळवून दिला. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनशेजारी कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला असे. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी संगीत नाटकाला ऑर्गनची साथ केली. पडदा वर जाण्याआधी ऑर्गनवर सूर भरला की प्रेक्षागृह गप्प होई, असं त्या काळची नाटकं पाहिलेली माणसं सांगतात.

परदेशी कारखान्यातलं वाद्य, मुसलमान सारंगिये आणि तबलजी, आणि त्यावर उभं राहिलेलं अस्सल मराठी नाट्यसंगीत. मग आपलं म्हणजे काय? ज्याने शिकून घेतलं, जपलं आणि पुढच्याच्या हातात दिलं, त्याचं. मला तरी दुसरी व्याख्या सापडलेली नाही.

जळलेले आणि वाचलेले

या व्याख्येत 'जपलं' हा शब्द सगळ्यात अवघड आहे.

जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात मारिया चर्चमध्ये बुक्स्टेहुड हा संगीतकार 1668 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत वाजवत होता. त्याला ऐकायला तरुण बाख 1705 मध्ये कित्येक दिवस पायी चालून आला. त्या चर्चमध्ये 1477 सालचा एक लहान ऑर्गन होता. मार्च 1942 च्या एका रात्री ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. हॅम्बुर्गच्या याकोबी चर्चमधला 60 स्टॉपचा श्निटगरचा ऑर्गन थोडक्यात वाचला. पहिल्या महायुद्धात त्याच्या दर्शनी नळ्या कथिलासाठी वितळवल्या गेल्या होत्या. दुसऱ्यात शहाणपणाने बाकीच्या नळ्या आधीच काढून सुरक्षित ठेवल्या. 1944 मध्ये चर्च जळालं, नळ्या राहिल्या, आणि 1993 मध्ये तो ऑर्गन पुन्हा नीट उभा राहिला. हे फक्त युद्धातच होतं असं नाही. फ्रान्समधल्या नांत शहराच्या कॅथेड्रलचा ऑर्गन मुळात 1621 चा. राज्यक्रांतीतून वाचला, 1972 च्या आगीतून वाचला, आणि जुलै 2020 मधल्या आगीत गेला.

म्हणून मला संगणकावरचा ऑर्गन हा नुसता खेळ वाटत नाही. नळी जळाली तरी तिचा आवाज राहील, एवढी तजवीज त्यात आहे. पण त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खऱ्या चर्चमध्ये मोठी नळी वाजली की बाकावर बसलेल्याच्या छातीत हादरा बसतो, तो हेडफोनमध्ये नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नळ्यांचा सूर वेगळा लागतो. माझ्या संगणकात मुद्रणाच्या रात्रीचा एकच हंगाम कायमचा थांबलेला आहे. नळ्या घासणारा, जुळवणारा, पुढच्या पोराला शिकवणारा कारागीर फायलीत मावत नाही. संच म्हणजे वाद्य नव्हे. ती वाद्याची साक्ष आहे. वाद्य मेलं तर साक्ष उपयोगी पडते, पण साक्ष आहे म्हणून वाद्य मरू द्यायचं नसतं.

आपल्याकडे तर साक्षही नाही. मराठी नाटक कंपन्या बंद पडल्या तेव्हा त्यांचे ऑर्गन कुठे कुठे गेले. काही वाजवणाऱ्यांच्या घरी आहेत आणि उत्तम वाजतात. पण किती तरी आज कुणाच्या माडीवर, कुणाच्या शाळेच्या अडगळीत असतील. कातडं फाटलेलं, पट्ट्यांवर उंदरांनी दात लावलेले, रीड गंजलेले. भंगारवाला लाकूड आणि पितळ वेगळं तोलतो. युरोपातल्या खेड्यातल्या एका चर्चच्या ऑर्गनचा प्रत्येक सूर मला कळमनुरीत बसून फुकट मिळतो, आणि ज्या ऑर्गनवर नाट्यसंगीत उभं राहिलं तो एकही मला तसा मिळाला नाही. याची लाज वाटली, म्हणून मागच्या हिवाळ्यात एक लहान काम केलं.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या कव्वालांकडे जुनी पेटी होती. साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्या, खर्ज आणि नर असे दोन सूर. हात थरथरतात म्हणून आता ते वाजवत नाहीत. रात्री उशिरा, पंखा आणि फ्रीज बंद करून, शेजारच्या त्या मुलाने भाता मारला आणि मी एकेक पट्टी धरली. आधी खर्ज, मग नर. प्रत्येक सूर आठ सेकंद. मध्येच कुत्रं भुंकलं की पुन्हा. दोन रात्रींत 84 सूर झाले. तीन सूर फुटके निघाले, तेही तसेच ठेवले. एक पट्टी सोडताना कर्रकन वाजते. मुलगा म्हणाला, हा आवाज काढून टाकू. कव्वाल म्हणाले, "रहने दो, इसी से मालूम पडता मेरी है."

आता ती पेटी माझ्या संगणकात आहे. मामूंनी ऐकली. भाता कोण मारतंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते विचारलं नाही. गंधार जरा खाली उतरवता येतो का, तेवढं विचारलं. उतरवून दिला.

तुमच्या गावात, नात्यात, एखाद्या जुन्या नाट्यमंडळाच्या खोलीत ऑर्गन किंवा पायपेटी पडून असेल तर ती भंगारात देण्याआधी एवढं करा. जुळवणारा कारागीर भेटला तर आधी त्याला दाखवा, कारण वाजती ठेवणं हेच पहिलं काम. ते जमणार नसेल तर एक शांत रात्र काढा. साधा मोबाइलसुद्धा चालेल. पट्टीपासून हातभर अंतरावर ठेवा, प्रत्येक स्टॉपचा प्रत्येक सूर आठ-दहा सेकंद धरा, पट्टी सोडल्यावर सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा. ऑर्गनला सहसा 61 पट्ट्या असतात. एका स्टॉपला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतील. वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवा. आणि भाता ज्याने मारला, त्याचंही नाव सांगा.